चालू गेमची दुरुस्ती

व्हिडिओ गेम बंद न करता दुरुस्त करता येतो का, असं मी रविकांतला विचारलं, तेव्हा त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मालवणच्या बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे लोक काहीही घेऊन येतात, त्यामुळे तो सहसा कोणाकडे नीट बघत नाही.

"काका," तो म्हणाला, "चालत्या एस्टीचो टायर कोण बदलता काय?"

हा टोमणा होता. माझी सगळी नोकरी एस्टीत गेली, शेवटची वर्षं मालवण स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. माझं नाव गंगाराम, पण गावात अजून मला कंट्रोलर म्हणतात. आता निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली, आणि वायरी गावातल्या माझ्या घरात मला कंट्रोल करता येईल अशी एकही गोष्ट राहिलेली नव्हती, फक्त तो गेम सोडून.

"बदलणत नाय," मी म्हटलं. "पण हो बंद करूक जमाचा नाय."

"कित्याक?"

मी सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि दुकानाचं शटर ओढलं.

गेमची हकिगत थोडक्यात अशी. आमची मुलगी योगिनी डोंबिवलीला असते. तिच्या मुलाला कॉम्प्युटर मिळाला, म्हणून त्याचा जुना गेम आमच्याकडे आला. शहरातलं सगळं जुनं सामान असंच गावाला येतं आणि ते आल्यावर आम्ही आनंद झाल्यासारखं दाखवायचं असतं. प्लॅस्टिकचा एक डबा, त्याला दोन रिमोट, आणि वर खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलं होतं की आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत. आत सातच होते. तेच सात पुन्हा पुन्हा, फक्त रंग बदलून.

माझी बायको शेवंती हिने तो डबा पुसायला घेतला आणि मग सोडलाच नाही. त्यातला विमानाचा खेळ तिला लागला. छोटं विमान समुद्रावरून जातं, समोरून डोंगर येतात, पक्षी येतात, वीज पाडणारे ढग येतात. त्यांना चुकवत तारे गोळा करायचे. दोघांनी खेळलं तर आळीपाळीने खेळायचं. एकाचं विमान पडलं की दुसऱ्याची पाळी. प्रत्येकाला तीन जीव.

दुसरी खेळाडू कृष्णाबाई. ती बाजारात मासे विकते. दुपारी टोपली रिकामी झाली की घरी जाताना आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. ते पाणी पुढे तीन-तीन तास चालायला लागलं. त्या दोघींच्या ओरडण्यामुळे माझी दुपारची झोप गेली आणि दुसऱ्या रिमोटला बांगड्यांचा वास लागला, तो अजून आहे.

पाच दिवसांचे गणपती गेल्यावर लगेच एका दुपारी शेवंतीने खेळता खेळता स्टार्टचं बटण दाबलं. ते एकदा दाबलं की खेळ थांबतो, पुन्हा दाबलं की चालू होतो. "छातीत जड लागता गो," ती कृष्णाबाईला म्हणाली. आम्ही तिला रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. ती घरी आली ती रुग्णवाहिकेतून, आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. योगिनी सगळ्यात शेवटी गेली. त्या दिवशी मी बातम्या लावायला टीव्ही सुरू केला, तर पडद्यावर विमान. हवेत, दोन ढगांच्या मध्ये, थांबलेलं. वर डावीकडे शेवंतीचा आकडा, उजवीकडे कृष्णाबाईचा. टीव्ही कोणीतरी बंद केला होता, पण टीव्हीखालच्या डब्याचं बटण बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्याचा लाल दिवा चालूच होता.

मी बातम्या लावल्या नाहीत. शेवंती कधी काम अर्धं टाकून उठली नाही. पीठ मळायला घेतलं आणि दारात कोणी आलं, तर त्याला उभं ठेवून ती पीठ पुरं मळायची. तो डबा चालू होता तोवर तिचं एक काम घरात अर्धं पडलेलं होतं. मला ते तसंच हवं होतं. मी कोणाकडे काही मागत नव्हतो, फक्त एक लाल दिवा विझू द्यायचा नव्हता.

आता अडचण. त्या वर्षी गणपतीपासून दसऱ्यापर्यंत भारनियमन बंद होतं. दसऱ्यानंतर ते पुन्हा सुरू होणार, रोज कित्येक तास लाइट जाणार, असं पेपरात आलं. लाइट गेली की डबा बंद, आणि डबा बंद झाला की विमान गेलं. त्यात काही साठून राहत नाही.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. वीज कार्यालयात जाऊन साहेबांसमोर बसलो.

"अखंडित पुरवठा हवा आहे," मी म्हटलं.

"घरी रुग्ण आहे का? ऑक्सिजनवर वगैरे?"

"नाही."

"बर्फाचा कारखाना? गिरणी?"

"नाही. एक उपकरण आहे, ते बंद करता येत नाही."

"कोणतं उपकरण?"

रांगेत माझ्यामागे चारजण उभे होते. त्यांतले दोघे ओळखीचे. "व्हिडिओ गेम," मी म्हटलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आपण नोकरीला कुठे होता?"

"एस्टीत. वाहतूक नियंत्रक."

"तरीच," साहेब म्हणाले.

या 'तरीच'चा अर्थ काय, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एस्टीच्या बाजूने लावला तरी लागत नाही आणि विरुद्ध लावला तर राग येतो.

तोवर वाडीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. कोणी म्हणालं इन्व्हर्टर घ्या. कोणी म्हणालं जनरेटर आणा. एकाने सांगितलं की गोव्यात अशी मशिनं मिळतात, त्यात सगळं साठून राहतं, दोडामार्गचा त्याचा मेव्हणा रोज गोव्याला जातो, तो आणून देईल. मेव्हण्याने खरंच आणलं, पण ते कपड्यांना इस्त्री करायचं निघालं. योगिनी फोनवर म्हणाली, "बाबा, पडद्याचा फोटो काढून ठेवा ना." मी म्हटलं, फोटो एक आहे घरात, हार घातलेला. तेवढा पुरे.

तर रविकांत घरी आला. त्याने आधी टीव्हीच बंद केला आणि मी त्याचा हात पकडला.

"खेळ टीव्हीत नसता काका, डब्यात असता," तो म्हणाला. "टीव्ही कशाक जाळतत?"

मी इतके दिवस टीव्हीही चोवीस तास चालू ठेवला होता, वर चादर घालून. हे मी त्याला सांगितलं नाही. चादर मात्र तिथेच होती.

मग त्याने डबा तपासला. इन्व्हर्टरचं नाव काढल्यावर तो म्हणाला की इन्व्हर्टर बसवायला मेन स्विच पाडावा लागतो, म्हणजे संपलंच. शिवाय अडॅप्टर इतका तापला होता की त्यावर घावन भाजता आला असता. आणि अडॅप्टरची पिन डब्यात सैल होती. शेवंतीने तिथे उदबत्तीच्या पुड्याचा तुकडा कोंबून ती घट्ट केली होती. सगळा खेळ त्या पुठ्ठ्यावर उभा होता.

"हो पुठ्ठो पडलो तर लाइट जावची पण गरज नाय," रविकांत म्हणाला. "झाडू लागलो तरी पुरे."

त्या दिवसापासून मी त्या खोलीत झाडू मारला नाही. बाकीच्या घरातही फारसा मारत नव्हतो, पण इथे कारण होतं.

रविकांतची योजना अशी होती. डबा चालू असतानाच उघडायचा. आतल्या पिनेला बॅटरीच्या दोन तारा जोडायच्या. मध्ये डायोड टाकायचा, म्हणजे लाइट असेल तेव्हा डबा लाइटवर चालेल, गेली की बॅटरीवर, आणि मध्ये डोळा मिटायलाही वेळ जाणार नाही. अपेंडिक्स झालेल्या माणसाचं ऑपरेशन त्याला बाजारात हिंडवत करायचं, असा हा प्रकार होता. पण दुसरा मार्ग नव्हता.

बॅटरी भाई तांडेलांकडून आली. भाईंची लाँच त्या वर्षी इंजिनच्या कामासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती, म्हणून तिची बॅटरी मोकळी होती. ती एवढी मोठी की मी आणि रविकांतने ती रिक्षात चढवताना रिक्षावाल्याने माणसाचं भाडं मागितलं. घरात आणल्यावर तिच्यातलं ॲसिड चटईवर सांडलं आणि चटईला ताटाएवढं भोक पडलं. ती चटई शेवंतीच्या माहेरची होती. मी त्या भोकावर बॅटरीच ठेवली.

भाई नुसती बॅटरी देऊन थांबणारे नव्हते. ते देवळाचे मानकरी आहेत आणि गावातलं कोणतंही नवं काम त्यांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे उभ्याने देवाकडे केलेला तोंडी अर्ज. एकजण सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्याकडे हे लहानपणापासून इतकं अंगात भिनलेलं असतं की वाक्यात काय आहे हे कोणी ऐकत नाही, वाक्य संपलं एवढंच ऐकतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघे टीव्हीसमोर उभे राहिलो. भाई, रविकांत, मी, आणि कृष्णाबाई. तिने त्या दिवशी बाजार अर्ध्यावर सोडला होता. भाईंनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज जो काय हो गंगाराम तुझ्या पायाकडे नारळ घेवन उभो रवलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या घरची लक्ष्मी तुझ्याकडे इली, आणि तिचो खेळ हय अर्धो रवलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तर तो विझान जावक देव नको, आणि ह्या रविकांताक शॉक लागाक देव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात रविकांतचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि दिवाळीच्या आत हो गंगाराम सोताच्या हातान तो खेळ पुरो करतलो, अर्धो ठेवचो नाय, असो तुका शब्द देता म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. स्टँडवर माईकवर बोलायची सवय, त्यामुळे आवाज स्वच्छ आणि ठळक.

मला काय झालं ते कळलं, तोवर भाईंनी नारळ फोडला होता.

"भाई, ह्या काय सांगलात तुमी?"

"मी काय सांगलंय? सांगणं माझा काम. व्हय तू म्हटलंस. तिघांनी आयकला."

"पण माका तो पुरो करूचो नाय. माका तो ठेवचो आसा."

"ता देवाक सांग," भाई म्हणाले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

पुढे मला कळलं की त्याच्या आदल्या दिवशी भाईंच्या घरी एक मोठी सुरमई गेली होती, आणि तिचे पैसे कोणी घेतले नव्हते. मी कृष्णाबाईला विचारलं तेव्हा तिने नाही म्हटलं नाही.

"भावजी, माझो एक जीव थंय अडकलो आसा," ती म्हणाली. "शेवंतीचा विमान पडल्याशिवाय माझी पाळी येवची नाय. मी किती दिवस बसू वाट बगीत? आणि ती तरी किती दिवस रवतली थंय ढगात?"

मी त्या सुरमईवरून तिच्यावर रागावलो. ती टोपली उचलून गेली.

ऑपरेशन मात्र पार पडलं. रविकांतने डबा उघडला. सोल्डरिंगची सळई तापवायची, तिची वायर काढायची आणि मग टेकवायची, नाहीतर तिच्यातला करंट डब्यात जाईल, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक वेळी तो सळई टेकवायचा तेव्हा मी टीव्हीवर विमान बघायचो आणि "आसा" म्हणायचो. शेवटच्या तारेच्या वेळी पडदा एकदा थरथरला. रविकांत पांढरा पडला. मीही पडलो असणार, पण मला दिसलं नाही. विमान तिथेच होतं.

दसऱ्यानंतर लाइट जायला लागली आणि लाल दिवा राहिला. पहिल्या दिवशी सगळी वाडी काळोखात आणि माझ्या घरात तो एक ठिपका. मला अभिमान वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

तो अभिमान दोन दिवस टिकला. लाँचची बॅटरी बारा व्होल्टची आणि डबा नऊचा. जास्तीचे तीन व्होल्ट कुठे जाणार? ते उष्णता होऊन डब्यात साठायला लागले. डब्याच्या प्लॅस्टिकला मऊपणा आला आणि वास सुटला. रविकांतने एक ॲल्युमिनियमची पट्टी आत बसवली, त्यासाठी माझ्या टोपाचं झाकण कापलं. तरी तापेच. मी टेबल फॅन लावला. लाइट गेली की फॅनही जायचा, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा तो नसायचा. मोठ्या ऑफिसातल्या काही लोकांची मला आठवण झाली.

शेवटी मी कृष्णाबाईच्या घरी गेलो. रागावून झालं होतं, आता बर्फ हवा होता. बर्फ तिच्याकडेच असतो.

"बर्फ कित्याक?" तिने विचारलं.

"शेवंतीचा विमान तापता."

तिने मासळीची थर्माकोलची पेटी धुतली, तिच्यात बर्फ भरला आणि माझ्याबरोबर आली. पेटीवर ॲल्युमिनियमचं ताट, ताटावर डबा. डबा गार झाला. मी पंख्याशिवाय आणि साहेबांशिवाय प्रश्न सोडवला म्हणून खूश होऊन चहा ठेवायला आत गेलो.

पेटी धुतली तरी वास कुठे जातो? आमच्या वाडीत एक बोका आहे. त्याचा मालक कोणी नाही, पण हक्क सगळ्या घरांवर आहे. मी बाहेर आलो तेव्हा तो डब्यावर बसला होता. खाली मासळीचा वास आणि वर ऊब, अशी जागा त्याला जन्मात मिळाली नसावी. त्याची शेपटी बॅटरीच्या तारेभोवती होती.

"हलू नको," कृष्णाबाई म्हणाली. मला म्हणाली की बोक्याला, ते कळलं नाही. दोघेही हललो नाही.

"लाइट आसा की गेली?" मी विचारलं.

"गेली."

म्हणजे डबा तारेवर, तार शेपटीत. मी त्याच्याशी गोड बोललो. निवृत्त कंट्रोलरने बोक्याला 'बाबा' म्हणणं बरं दिसत नाही, पण मी म्हटलं. तो जांभई देऊन उतरला, उतरताना तार खेचली गेली, रविकांतचं सोल्डर टिकलं. कृष्णाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता ती रडायला लागली. मी चहा आणला. तिने तो तसाच रडत प्यायला.

"भावजी," कप ठेवून ती म्हणाली, "ह्या असा खंयवर? भाईंची लाँच पाण्यात जातली. बॅटरी मागतले ते. मगे दुसरी आणशात. मगे तिसरी. बोको तर रोज येतलो."

मी तिचा कप उचलला.

"आणि शब्द दिलास तो?"

"तो तुमी माझ्याकडसून काढलात."

"व्हय. पण दिलो तुमीच."

दिवाळी जवळ आली. मी देवाला फार मानतो असं नाही, पण चारचौघांत उभं राहून व्हय म्हाराजा म्हटलेलं मागे घेतलेला माणूस आमच्या वाडीत मी बघितलेला नाही. त्याचं पुढे काय होतं, हे माहीत नाही, कारण तसं कोणी केलेलंच नाही. आणि मी पहिला व्हायला तयार नव्हतो. तसं मी स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी की कृष्णाबाईचं ते ढगातलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

खेळ पुरा करायचं ठरलं. तेव्हा लक्षात आलं की मला तो येत नाही. मी रिमोटला कधी हातही लावला नव्हता. शेवंतीचा एकच जीव शिल्लक होता आणि तो माझ्या हातात येणार होता. शिकायचं तर कुठे? गावात डबा एकच, आणि त्यात ती अडकलेली.

मग कृष्णाबाईने मला तोंडी शिकवायला सुरुवात केली. मी बंद टीव्हीसमोर बसायचो, हातात टीव्हीचाच रिमोट, आणि ती बाजूला बसून सांगायची.

"ढग इलो. वर. वर मेल्या. आता पक्षी, खाली. डोंगर. थांब, थांब, आता वर. मेलास."

"कसो मेलंय?"

"उशिरा दाबलास."

"तुका कसा कळला? पडद्यार काय नाय."

"माका दिसता," ती म्हणाली.

तिला तो सगळा मार्ग पाठ होता. कुठे तीन ढग येतात, कुठे पक्ष्यांची रांग येते. मला कणकवली-मालवणचे थांबे पाठ आहेत तसे.

एका दुपारी योगिनीचा फोन आला. "बाबा, मला कोणीतरी सांगितलं की तुम्ही बंद टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसता आणि कृष्णामावशी तुमच्यावर ओरडते."

"सराव चाललाय," मी म्हटलं.

मग म्हणाली, "मी येऊ का?"

"ये. पण येताना काही जुनं आणू नकोस."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची दुपार ठरवली. भारनियमनाचं वेळापत्रक मी पेपरातून कापून भिंतीला लावलं होतं. दुपारी दोन ते पाच लाइट पक्की. वेळापत्रक माझा विषय आहे.

दोन वाजून गेल्यावर आम्ही बसलो. मी टीव्ही लावला. विमान होतं. कृष्णाबाईने हात पदराला पुसले आणि दुसरा रिमोट मांडीवर घेतला. मी शेवंतीचा घेतला. स्टार्टच्या बटणावर तिच्या अंगठ्याने रंग गेलेला होता. मी अंगठा तिथे ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

"दाबा," कृष्णाबाई हळू म्हणाली.

मी दाबलं. विमान सुटलं. इतके दिवस न हललेली गोष्ट हलली की माणूस दचकतो. मी दचकलो आणि ढगात जाता जाता राहिलो.

"वर. वर," ती ओरडली. मी वर गेलो. पक्षी आले, मी खाली आलो. एक तारा मिळाला. शेवंतीचा आकडा वाढला. मी तिच्या आकड्यात भर घातली, याने मला इतकं बरं वाटलं की डोंगर दिसला नाही, पण विमान कसंतरी त्याच्या डोक्यावरून गेलं.

"बरो," कृष्णाबाई म्हणाली. "आता तीन ढग."

आणि टीव्ही काळा झाला.

पंखा थांबला. शेजारच्या घरातला रेडिओ थांबला. लाइट गेली होती. वेळापत्रक बदललं होतं, ते त्या दिवशीच्या पेपरात आलं होतं आणि मी पेपर उघडला नव्हता, कारण सराव करत होतो.

डब्याचा लाल दिवा चालू होता. बॅटरी आपलं काम करत होती. आम्ही डब्याला बॅटरी लावली, अडॅप्टरला पर्याय केला, बर्फ लावला, बोका सांभाळला. टीव्हीला बॅटरी लावायची, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विमान आत चाललं होतं आणि आम्हाला ते दिसत नव्हतं.

माझा अंगठा स्टार्टवरच होता. दाबलं असतं तर खेळ थांबला असता. पुन्हा तिथेच, ढगांच्या मध्ये. लाइट येईपर्यंत, किंवा दिवाळीपर्यंत, किंवा भाई बॅटरी मागतील तोपर्यंत.

मी अंगठा उचलला.

"सांग," मी म्हटलं.

कृष्णाबाईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग काळ्या पडद्याकडे. "वर," ती म्हणाली. "आता खाली. आणि खाली. तारो आसा, घ्या. पक्षी. वर."

मी दाबत गेलो. बाहेर कोणीतरी नारळ उतरवत होतं, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते, बाकी काही नाही. टीव्ही नाही म्हणजे आवाजही नाही. विमान आहे की पडलं, सांगायला काहीच नव्हतं. आम्ही खूप पुढे गेलो. ती म्हणाली की इतकं पुढे शेवंती कधी गेली नव्हती.

"आता मेलात," ती अचानक म्हणाली.

"नाय."

"मेलात. डोंगर होतो. माझी पाळी." आणि तिने रिमोट उचलून दाबायला सुरुवात केली.

"शेवंती अजून चल्ली आसा. तुझो रिमोट ठेव खाली."

"तुमका काय कळता? मी पक्ष्यांत पोचलंय."

"मी तारे घेतंय."

"खंयचे तारे? तुमी समुद्रात आसात."

दोघेही आपापलं विमान चालवत राहिलो. हात दुखायला लागले तेव्हा थांबलो. नक्की कधी ते सांगता येत नाही, कारण आधी थांबलो असं दोघांपैकी कोणी मान्य केलं नाही.

लाइट आली ती संध्याकाळी. टीव्ही आपोआप सुरू झाला. पडद्यावर पहिलं पान होतं, सगळे जीव संपले की येते ती खेळांची यादी, आणि ती एकसुरी ट्यून वाजत होती. आकडे गेले होते. शेवंतीचाही, कृष्णाबाईचाही. मी ती यादी वरून खालपर्यंत वाचली. मग उठून डब्याचं बटण बंद केलं. टक असा लहान आवाज झाला आणि लाल दिवा गेला. डबा गार व्हायला रात्र लागली.

भाई बॅटरी न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "झालो पुरो?"

"झालो," आम्ही दोघे म्हणालो.

"जिकला कोण?"

"मी," कृष्णाबाई म्हणाली.

"शेवंती," मी म्हटलं.

भाई म्हणाले देवाला कौल लावून विचारू. मी नको म्हटलं. भाई देवाशी बोलतात तेव्हा मध्ये काय घालतात, हे मला आता माहीत आहे.

योगिनी दिवाळीला येऊन गेली, आणि मग एका दुपारी कृष्णाबाई रिकामी टोपली ओटीवर ठेवून आत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "लावा. दोघांचो. बगया तुमका किती येता ता."

मी बटण चालू केलं. तीन ढगांच्या आधीच माझे तिन्ही जीव गेले. आता रोज जातात. पडद्यावर स्पष्ट दिसत असल्यामुळे वादाला जागा राहत नाही, आणि मी हरल्याचं तिच्यापुढे लगेच मान्य करतो. पण तो आधीचा खेळ शेवंतीने जिंकला होता, आणि त्या बाबतीत मी तिला एक ताराही सोडत नाही.